पान्हा चोरणारी गाय

न्हावऱ्याचे हौसराव शेतकरी म्हणून काही फार गाजलेले नाहीत. ऊस चारचौघांसारखा, कांदा साधला तर साधला, आणि गावच्या राजकारणात ते कुणालाच परवडत नाहीत, कारण दोन्ही पॅनेलचा चहा पिऊन दोघांनाही तोंडावर खरं सांगून मोकळे होतात. त्यांचं नाव आहे ते हातासाठी. एखाद्याची कालवड पहिल्यांदा व्याली आणि कासेला हात लावू देईना, की लोक जनावरांच्या डॉक्टरच्या आधी हौसरावांना बोलावतात.

हौसराव गेले की पहिल्यांदा गोठ्यातली माणसं बाहेर काढतात, त्यातही सल्ले देणारा सगळ्यात आधी. गाईच्या मागच्या पायांना बांधलेली दोरी सोडायला लावतात. मग तिच्या पाठीवर तळवा टेकवून नुसते उभे राहतात आणि हळू आवाजात तिला काहीबाही सांगत राहतात. कारखान्याचं गाळप कुठवर आलं, कुणाच्या पोराचं लग्न ठरता ठरता मोडलं. गाईला त्यात काडीचा रस नसतो. पण थोड्या वेळानं ती लांब श्वास सोडते, कान सैल पडतात, कातडीची थरथर थांबते, आणि मग हे धार काढायला खाली बसतात. भ्यालेली गाय दूध वर ओढून धरते, कासेत असून देत नाही. त्याला पान्हा चोरणं म्हणतात. मारून, दोऱ्या बांधून पान्हा येत नाही, तिला भ्या कशाचं बसलंय ते आधी बघावं लागतं, हे हौसराव दरवेळी न कंटाळता समजावून सांगायचे. जनावराचं भय डोळ्यांत कसं दिसतं, कानांत कसं, अगदी शेणात कसं, ते त्यांना तोंडपाठ होतं. आणि नवल बघा, हाच माणूस जवळजवळ वर्षभर स्वतःच्या भयाला गॅस म्हणत होता.

सुरुवात झाली नगर रोडवर. हौसरावांचा एकुलता एक मुलगा रविराज सणसवाडीला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. मोटारसायकलवरून रोज जाऊन येऊन करतो, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, मग तो नगर रोड, जिथं कंटेनर आणि ट्रेलर आपल्याच बापाचा रस्ता असल्यासारखे धावतात. मागच्या हिवाळ्यात हौसराव कांद्याच्या पिकअपमध्ये बसून पुण्याला निघाले होते. शिक्रापूरच्या पुढं गाड्यांची रांग लागली. ड्रायव्हर म्हणाला बसा, पण यांना बसवलं नाही, म्हणून उतरून पुढं काय झालंय ते बघायला चालत गेले. रस्त्याच्या कडेला एक पोरगा पडलेला होता. कुणीतरी त्याच्या तोंडावर उपरणं टाकलं होतं. अंगात निळा शर्ट, रविराजच्या कंपनीचा असतो तसा. पलीकडं काळी मोटारसायकल आडवी.

उपरणं उचलायचं हौसरावांना धाडस झालं नाही. एका पायातला बूट निघाला होता, त्या पायाकडं ते बघत राहिले. बोटं रविराजची नव्हती. बापाला पोराच्या पायाची बोटं कळतात. जिवाला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली, कारण ती बोटं कुणाच्या तरी पोराची होतीच. ते परत येऊन पिकअपमध्ये बसले. घरी आल्यावर बायकोला, तानुबाईंना, एवढंच म्हणाले की वाटंत ट्रॅफिक लय हुतं.

काही दिवसांनी संध्याकाळी गोठ्यात बादली घेऊन बसले असताना त्यांच्या छातीत काहीतरी आवळलं. श्वास अर्ध्यावर येऊन परत फिरायला लागला. हात गार, तळव्यांना घाम, कानात घूं आवाज, आणि आपण आता मरतोय अशी पक्की खात्री. ते उठले, भिंतीला धरून उभे राहिले, पाणी प्याले. थोड्या वेळानं सगळं आलं तसं गेलं. तानुबाईंनी विचारलं तर म्हणाले, गॅस झालाय.

आपल्याकडं पुरुषमाणसाला छातीत काहीही झालं तरी तो गॅसच असतो. तानुबाईंनी ओवा दिला, काळं मीठ दिलं. सून नीलमनं हरभऱ्याची डाळ बंद केली. वांग्याचा तर काही दोष नव्हता, पण तेही घरातून हद्दपार झालं. तरी आठवड्यातून दोन-तीन वेळा तो प्रकार व्हायचाच. आणि नुसता तेवढाच नाही. रात्रीची झोप मोडायला लागली. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा, जणू रात्रभर काहीतरी चावत होते. जेवणाला चव लागेना. विहिरीवरची मोटर चालू करून विसरायचे. एकदा नीलमच्या हातून ताट पडलं, तर त्या आवाजानं हे असे दचकले आणि तिच्यावर असे खेकसले की ती बिचारी बघतच राहिली. सासरे म्हणून ती त्यांना कधी घाबरली नव्हती, त्या दिवशी घाबरली. हौसरावांना नंतर फार वाईट वाटलं, पण ते बोलून दाखवायची सवय कुठं होती.

शेवटी रविराजनंच रजा टाकून त्यांना शिरूरला नेलं. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, हृदय ठणठणीत आहे, आबा, काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका. झोप लागत नसेल तर मनाच्या डॉक्टरांकडं पाठवतो, असंही म्हणाला. हौसराव बाहेर आले ते चिडूनच. टेन्शन हा त्यांच्या लेखी सणसवाडीत खोल्या घेऊन राहणाऱ्या नोकरदारांचा आजार. आपल्याला जमीन आहे, विहिरीला पाणी आहे, पोरगा कामाला आहे, आपल्याला कसलं टेन्शन? पण खरी बोच वेगळीच होती. काही झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणाला. म्हणजे मग आपण ढोंग करतोय की काय? तेव्हापासून छातीत आवळलं तरी त्यांनी कुणाला सांगायचं बंद केलं. उठून गोठ्यामागं जायचे, आणि निभलं की परत यायचे.

एक गोष्ट मात्र लपवता येत नव्हती, ती म्हणजे फोन. पाळी सुटायची वेळ झाली की हौसरावांचा हात खिशाकडं जायचा. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरी करायचे. उचलला नाही की परत, मग परत. निघालास का, कुठवर आलास, एवढंच विचारायचं असायचं. उत्तर मिळालं की छाती जरा मोकळी व्हायची, तासाभरात पुन्हा आवळायची. भरीस भर म्हणून गावच्या ग्रुपवर कुठल्या कुठल्या अपघातांचे व्हिडिओ यायचे. शहाण्या माणसानं ते बघू नयेत. हौसराव एकूण एक बघायचे, आणि त्यातल्या माणसांचे कपडे बघायचे.

अशातच गोदी बिघडली. गोदी म्हणजे त्यांच्या गोठ्यातली सगळ्यात गुणी गाय, हौसरावांनी वासरापासून वाढवलेली. ती पान्हा चोरायला लागली. हात लावला की अंग ताठ, कान मागं, आणि चार धारा झाल्या की संपलं. पेंड बदलली, डॉक्टर आणून इंजेक्शन दिलं, तानुबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. गोदी एखाद्या वेळी चांगली द्यायची आणि परत तेच. बाकीच्या दोन गाई नीलम काढायची, त्यांचं सगळं सुरळीत होतं. हौसरावांनी निष्कर्ष काढला की गोदी चोरटी निघाली.

त्याच सुमाराला शेजारच्या चांगदेवची कालवड व्याली आणि रिवाजाप्रमाणे संध्याकाळी बोलावणं आलं. हौसराव गेले, माणसं बाहेर काढली, दोरी सोडायला लावली, पाठीवर हात ठेवला. कालवड थरथरत होती. ती शांत व्हायची वाट बघत ते उभे राहिले, पण बोलायला शब्दच सुचेनात, कारण सगळं लक्ष रस्त्यावर येणाऱ्या मोटारसायकलींच्या आवाजाकडं होतं. कालवड शांत व्हायच्या ऐवजी जास्तच बिथरली. हे तसेच खाली बसले आणि तिनं अशी लाथ घातली की बादली भिंतीवर आणि हौसराव शेणात. दारात उभं राहून बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं. चांगदेवनं त्यांना उठवलं, कपडे झटकले, तो वयाचं काहीतरी बोलला आणि दोरी आणून कालवडीचे पाय बांधायला लागला. ते बघून हौसरावांना लाथेपेक्षा जास्त लागलं. उभ्या आयुष्यात त्यांच्यादेखत कुणी गाईचे पाय बांधले नव्हते. ते मान खाली घालून घरी आले, आणि त्यानंतर गावात कुणी त्यांना बोलावलं नाही.

त्याचा राग निघाला गोदीवर. शनिवारी काष्टीच्या बाजारात तिला विकायची, असं त्यांनी जाहीर केलं. तानुबाईंनी आधी समजावलं, मग भांडल्या, मग त्यांच्याशी बोलायचंच सोडलं. हे दौंडला कळलं. हौसरावांची धाकटी बहीण अनसाबाई दौंड तालुक्यात, भीमेच्या पलीकडं केडगावच्या अंगाला दिलेली आहे. तिनं फोनवर सांगितलं की घरच्या लक्ष्मीला बाजार दाखवू नको, माझ्या गोठ्यात आणून बांध. गोदी पिकअपमधून तिकडं गेली.

आठवडा उलटायच्या आत अनसाबाईचा फोन आला. गोदी बादली भरून दूध देतेय, दोन्ही वेळचं. आणि वर, एवढी गरीब गाय तू विकायला निघालास तरी कशी, असं विचारलं. हौसरावांचा विश्वासच बसेना. दुसऱ्याच दिवशी ते चौफुल्याच्या एसटीत बसले. रस्त्यावरचा प्रवास त्यांनी महिनोन् महिने टाळला होता. कंबरेचं निमित्त काढून लग्नंही बुडवली होती. त्या दिवशी मात्र गेले, खिडकीची दांडी घट्ट धरून. गाय आपल्यालाच का नाडतेय, हे कळल्याशिवाय त्यांना आता चैन पडणार नव्हतं. हात गेला तर मागं उरतंय काय, असं त्यांना वाटत होतं.

ऊन उतरल्यावर अनसाबाई धार काढायला बसली. हौसराव बघत उभे राहिले. गोदी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती आणि बादलीत फेस चढत होता. न राहवून ते म्हणाले, सरक, मी बसतो. गोदीनं त्यांना ओळखलं, मान वळवून त्यांचा खांदा चाटला. त्यांना भरून आलं. पण सडाला हात लागला मात्र, तिचं अंग ताठ झालं, कान मागं गेले आणि दूध थांबलं.

"बघ, मला वळखून चोरती," हौसराव म्हणाले.

अनसाबाईनं विचारलं, घरी रोजच अशी करायची का? रोज नाही, ते म्हणाले. एक आठवडा संध्याकाळी चोरायची आणि सकाळी झकास द्यायची. पुढच्या आठवड्यात सकाळी चोरायची आणि संध्याकाळी द्यायची. म्हणून तर ती लबाड.

"गाईला आठवडा कळतो व्हय रं दादा?" अनसाबाई म्हणाली. "तुझ्या घरी आठवड्याला बदलतं काय?"

"काय बदलणार? काय न्हाई बदलत. रविराजची पाळी बदलती तेवढी, एक आठवडा पहिली, एक आठवडा..."

वाक्य तिथंच राहिलं. पहिल्या पाळीला असला की रविराज संध्याकाळच्या धारेच्या वेळी रस्त्यावर असायचा. रात्रपाळीला असला की सकाळच्या धारेच्या वेळी सुटायचा. हे हौसरावांनी कधी जोडून बघितलंच नव्हतं. अनसाबाईनं खाली बसून त्यांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता आणि घामानं ओला होता. मान ताठ, खांदे कानाला लागलेले, डोळे रस्त्याकडं. ती काही शिकलेली नाही, पण दोघं भावंडं एकाच गोठ्यात वाढली होती.

"दादा, गाय चांगली हाय," ती म्हणाली. "भ्यालायस तू."

एरवी हौसराव चवताळले असते. पण चवताळायच्या आधीच त्यांचा दुसरा हात खिशात गेला होता आणि फोन बाहेर आला होता. वेळ झाली होती. बहिणीच्या डोळ्यांदेखत त्यांनी नंबर लावला. उचलला नाही. परत लावला, परत नाही. आता छातीतलं ते सुरू झालं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लावला तेव्हा पलीकडून वाऱ्याचा घोंघाट आला आणि रविराजचा ओरडून बोललेला आवाज, की आबा, गाडीवर हाय.

"गाडीवर हाईस तर फोन कशाला उचलतोस?"

"तुम्ही थांबत न्हाई म्हणून. रोज असाच उचलतो, एका हातानं. न्हाई उचलला तर तुम्हाला काय तरी..."

एक मोठा हॉर्न वाजला आणि फोन बंद झाला.

हौसराव बाजूची रिकामी बादली उलथी करून तिच्यावर बसले. बोट आपोआप परत नंबरावर गेलं होतं आणि तिथंच थांबलं. लावला तर तो पुन्हा हँडल सोडणार. नाही लावला तर आता तिथं काय झालंय ते कळणार नाही. वर्षभर ते पोराला रस्त्यापासून वाचवत होते असं त्यांना वाटत होतं, आणि रोज त्याच रस्त्यावर त्याचा एक हात ते स्वतःच ओढून घेत होते. हे कळल्यावर आता त्याला गॅस म्हणायला जागाच उरली नाही. त्यांनी फोन मांडीवर उपडा ठेवला. छातीतलं ते चालूच होतं. आणि पहिल्यांदाच ते उठून कुठं आडोशाला गेले नाहीत. बहिणीसमोर थरथरत बसून राहिले आणि त्यांनी तिला ती रस्त्याकडेची गोष्ट सांगितली. निळा शर्ट, उपरणं, पायाची बोटं. सांगताना ते रडले. ऐकताना अनसाबाईनं पदर तोंडाला लावला होता.

ऊन गेलं तरी फोन येईना. अनसाबाईनं एकदा म्हटलं, नीलमला लावून बघू का? हौसरावांनी मान हलवली. ती पोर उगाच घाबरेल. तिलाही आपण कमी घाबरवलेलं नाही. ते बसून राहिले. बसून राहण्याइतकं अवघड काम त्यांनी शेतातही कधी केलं नव्हतं.

फोन वाजला तेव्हा तो त्यांच्या हातातून पडता पडता राहिला. रविराजच होता. आवाजाला वारा नव्हता, पण आवाज नेहमीचाही नव्हता.

"आबा, तुम्ही बरं हाय ना?"

"मला काय झालंय? तू कुठं हाईस?"

"तळेगावच्या पुढं, कडंला थांबलोय. मघाशी खड्ड्यात चाक गेलं, फोन पडला. पडलो न्हाई मी, ट्रकवाला हॉर्न मारून गेला. पण मग तुमचा फोन परत आलाच न्हाई. कवा असं झालं न्हाई, आबा. मला वाटलं, तुम्हालाच काय तरी झालं. आत्याचा नंबर माझ्याकडं न्हाई, आन् तुम्हाला लावायला हात हुईना. गाडी चालवताच येईना. छातीत आवळल्यावानी झालंय, श्वास पुरंना. हात बघा ना कसं गार पडल्यात माझं."

हौसरावांनी डोळे मिटले. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं, एकूण एक. शेजाऱ्याची कालवड असती तर त्यांनी लांबून सांगितलं असतं. इथं पोटचा पोरगा होता, आणि त्याला हे लागलं होतं ते बापाकडूनच.

"गाडीवर बसू नको," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज कापत होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "खाली बस, झाडाला टेकून. घाई न्हाई कसली. मरत न्हाई त्यानं माणूस, वाटतं तेवढं. भ्या हाय ते, रवी. मला वरीसभर हाय. म्या कुणाला सांगितलं न्हाई, आन् तुला लावलं."

हौसरावांनी फोन ठेवला नाही. बाप इकडं गोठ्यात, पोरगा तिकडं रस्त्याच्या कडेला, दोघंही श्वास पुरेपर्यंत थांबले.

मग रविराजनं विचारलं, "हे जातं का, आबा?"

"म्हाईत न्हाई," हौसराव म्हणाले. "आपण दोघं शिरूरच्या डॉक्टरला जाऊन इचारू."